हाजी मुहम्मद मोहसिन : दुसऱ्यांच्या लेकरांसाठी जमीनदारी सोडणारा माणूस

पैसेवाला माणूस दुसऱ्यांच्या मुलांसाठी आपली दौलत का देतो? नावासाठी, सवाबसाठी, की आपल्याला मिळालं ते इतरांनाही मिळावं म्हणून? बंगालच्या हाजी मुहम्मद मोहसिन यांची जिंदगी पाहिली की आम्हाला तिसरं कारण जास्त पटतं.

त्यांचा जन्म १७३२ साली हुगळीत झाला. वडील हाजी फैजुल्लाह, आई जैनब खानम. आईला पहिल्या लग्नापासून मन्नूजान ही मुलगी होती. भावाबहिणीत फार जिव्हाळा होता. मोहसिन यांना चांगले उस्ताद लाभले. पुढे इराण, इराक, अरबस्तान असा प्रवास करून, हज करून ते बऱ्याच वर्षांनी परतले.

मन्नूजान विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. जेसोरकडची सय्यदपूरची मोठी जमीनदारी त्यांच्या नावावर होती. १८०३ मध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि सगळं मोहसिन यांच्याकडे आलं. तेव्हा ते सत्तरीत होते. लग्न केलेलं नव्हतं, राहणी साधी. ही दौलत त्यांनी स्वतःची मानलीच नाही, अमानत मानली.

१८०६ मध्ये त्यांनी वक्फनामा केला. उत्पन्नाचे नऊ हिस्से : तीन धार्मिक कामांना, चार पेन्शन आणि खैरातीला, दोन मुतवल्लींना. १८१२ मध्ये हाजीसाहेब गेले.

त्यानंतर मुतवल्लींनी कारभारात गडबड केली. सरकारनं वक्फ ताब्यात घेतला आणि साठलेल्या रकमेतून १८३६ मध्ये हुगळी कॉलेज उघडलं. बंकिमचंद्र तिथेच शिकले, सय्यद अमीर अलीही तिथेच. चांगलंच झालं. पण गरीब मुसलमानांची पोरं तिथे फार थोडी पोचत होती. यावर खूप टीका झाली. शेवटी १८७३ मध्ये निर्णय फिरला. मोहसिन फंडातून ढाका, राजशाही, चट्टग्रामला मदरसे निघाले आणि सरकारी शाळांतल्या मुसलमान मुलांच्या फीचा दोन तृतीयांश भाग भरला जाऊ लागला.

म्हणजे देणाऱ्याची नियत साफ होती, तरी गरिबाच्या पोराच्या फीपर्यंत पैसा पोचायला सदुसष्ट वर्षं लागली. आम्ही शिक्षक मंडळी रोज बघतो, फी अडली की पोरगं आधी गप्प बसतं, मग गैरहजर राहतं, मग येतच नाही. त्याला थांबायला सदुसष्ट वर्षं नसतात, एक जून महिना असतो.

म्हणून आपल्या जमातीतल्या देणाऱ्यांना आमचं एवढंच सांगणं आहे. जरूर द्या, पण देऊन मोकळे होऊ नका. किती मुलांची फी गेली, कुठल्या इयत्तेची, मुली किती, हे दरवर्षी विचारा. हिशेब मागणं म्हणजे शंका घेणं नव्हे. सदका-ए-जारिया खरोखर जारी राहावा, यासाठीची ती देखभाल आहे.