विभावरी शिरूरकर कोण?

1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' हे कथांचे पुस्तक निघाले आणि महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. पण या नावाच्या बाई कोणाच्याच ओळखीच्या नव्हत्या. हे बाईने लिहिले की बाईच्या नावाआड कोणी पुरुष आहे, यावर तर्क लढवले गेले. टीकाही फार झाली. प्रकाशक ह. वि. मोटे यांना खरे नाव ठाऊक होते, पण त्यांनी ते फोडले नाही.

त्या होत्या बाळूताई खरे. जन्म 18 मार्च 1905. घोडनदीचे, म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या शिरूरचे, हे खरे कुटुंब. वडील शिक्षक. पैसा बेताचा, तरी मुलींना शिकवायचेच हा त्यांचा हट्ट. बाळूताई हिंगण्याला अण्णासाहेब कर्व्यांच्या संस्थेत शिकल्या आणि पुढे कर्व्यांच्याच कन्याशाळेत शिक्षिका झाल्या. वडिलांचे ऋण त्यांनी पुढे 'खरेमास्तर' लिहून मानले.

स्वतःच्या नावाने लिहिण्याची त्यांना भीती होती असे नाही. दागिन्यांवरचे 'अलंकार मंजूषा' हे त्यांचे पुस्तक त्याआधीच बाळूताई खरे या नावाने आले होते. दागिन्यांवर बाईने लिहिले तर कोणाची हरकत नव्हती. कथांचे तसे नव्हते. शिकलेली, कमावती, पण लग्न न झालेली मुलगी त्यांच्या कथांत आहे. हुंडा जुळत नाही आणि वय वाढत जाते. तिच्या पगारावर घर चालते, म्हणून घरच्यांनाही तिच्या लग्नाची घाई नसते. आणि त्या मुलीला मन आहे, शरीरही आहे. हे त्या काळी मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकेने उघड लिहिले असते, तर पालक काय म्हणाले असते याचा अंदाज आपण करू शकतो. तामसी-आदिलाबादकडच्या घरांतही लेकीचा पगार आणि लेकीचे लग्न हा विषय काही जुना झालेला नाही.

टोपणनाव मात्र पाहण्यासारखे आहे. विभावरी म्हणजे रात्र, म्हणून अंधारात राहणारी. आणि शिरूरकर? ते तर सरळ गावाचेच नाव! लपायचे होते, पण गाव काही सोडवले नाही, असे मला वाटते.

'हिंदोळ्यावर' ही कादंबरीही याच नावाने आली. नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीला पुन्हा प्रेम करण्याचा, मूल होऊ देण्याचा हक्क आहे का, असा प्रश्न तिच्यात होता. पुन्हा वादळ उठले.

पुढे त्यांनी कन्याशाळा सोडली आणि सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये सरकारी नोकरी धरली. इंग्रजांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले होते, त्यांना तिथे तारेच्या कुंपणाआड ठेवत. रोज हजेरी घ्यायची आणि बाहेर जायचे तर परवानगी काढायची. तिथे पाहिलेले 1950 साली 'बळी' कादंबरीत उतरले. तो कायदा देशभर रद्द झाला 1952 साली. माझ्या मते 'बळी' हेच त्यांचे सर्वांत मोठे काम. पांढरपेशा घरातल्या बाईने इतक्या जवळून आणि दयेचा आव न आणता त्या वस्तीबद्दल लिहावे, हे आजही सोपे नाही.

1938 साली विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. पुढल्याच वर्षी बेडेकरांची 'रणांगण' आली. एका घरात असे दोन लेखक! गुपित पुढे उघड झाले, तरी कथा-कादंबरीवर त्यांनी विभावरी शिरूरकर हेच नाव ठेवले.

1981 साली मुंबईत समांतर साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी मालतीबाई होत्या. ज्या बाईंनी एकेकाळी नाव लपवून लिहिले, त्या सरकारी पैशावरच्या संमेलनाला विरोध करणाऱ्यांच्या पुढे उभ्या राहिल्या. विश्रामराव 1998 साली गेले, मालतीबाई 7 मे 2001 रोजी.