बुद्धिबळाच्या मोहऱ्यांना ज्याचं नाव मिळालं, तो हॉवर्ड स्टाँटन कोण होता?

मंडळी, आपण ज्याला हत्ती म्हणतो तो मोहरा पटावर किल्ल्याच्या बुरुजासारखा का दिसतो? आणि उंटाच्या जागी टोकाला चीर असलेली टोपी का असते? ही रूपं युरोपातली आहेत. टोपी म्हणजे तिथल्या बिशपचा मुकुट. आज जगभर दिसणारा हा साचा १८४९ साली लंडनमध्ये ठरला आणि तो 'स्टाँटन' या नावाने ओळखला जातो.

हॉवर्ड स्टाँटनचा जन्म १८१० चा. बुद्धिबळाकडे तो तसा उशिरा, पंचविशी ओलांडल्यावर वळला. पण १८४३ साली पॅरिसला जाऊन त्याने फ्रान्सच्या सेंट-अमाँला हरवलं. २१ डावांपैकी ११ जिंकले, ६ हरले, ४ बरोबरीत सुटले. तेव्हा अधिकृत जगज्जेतेपद नव्हतं, पण जगातला सर्वात बलाढ्य खेळाडू म्हणून त्याचंच नाव घेतलं जाऊ लागलं. तो बुद्धिबळाचं मासिक चालवायचा आणि १८४५ पासून 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये सदरही लिहायचा.

त्या काळी मोहऱ्यांचं एकच असं रूप नव्हतं. इंग्लंडमध्ये सेंट जॉर्ज आणि बार्लीकॉर्न, तर फ्रान्समध्ये रेजांस पद्धतीचे मोहरे चालत. बंगालमधल्या बहरामपूरचे कारागीर हस्तिदंतात आख्खी फौज कोरायचे, एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई आणि दुसऱ्या बाजूला देशी राजाचे. चीनच्या कँटनहून येणारे मोहरे तर एकात एक कोरलेल्या पोकळ चेंडूंवर उभे असायचे. हे संच दिसायला देखणे, संग्रहाला उत्तम, पण खेळायला अडचणीचे! नाजूक मोहरे मोडायचे, उंच मोहरे कलंडायचे आणि अनोळखी संचात वजीर कोणता, उंट कोणता, हे ओळखण्यातच गोंधळ व्हायचा.

यावर उपाय आला नॅथॅनिएल कुक यांच्या नावावर. १ मार्च १८४९ रोजी त्यांनी नव्या मोहऱ्यांचा नमुना नोंदवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जॅक्स कंपनीने ते विक्रीला आणले. तळ रुंद आणि जड, प्रत्येक मोहऱ्याची खूण साधी आणि वेगळी. नक्षीकाम राहिलं ते मुख्यतः घोड्याच्या डोक्यात.

गंमत म्हणजे हे मोहरे स्टाँटनने घडवले नव्हते. त्याने आपलं नाव दिलं, पेट्यांवर त्याची सही झळकली आणि आपल्या सदरातून त्याने त्यांची भरभरून तारीफ केली. आजच्या भाषेत सांगायचं तर तो या मोहऱ्यांचा ब्रँड अँबॅसडर होता!

पुढचा काळ मात्र त्याला फारसा अनुकूल गेला नाही. १८५१ साली त्याच्याच पुढाकाराने लंडनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. १६ खेळाडू होते. स्टाँटन उपांत्य फेरीत जर्मनीच्या अँडरसनकडून हरला आणि चौथ्या क्रमांकावर राहिला. १८५८ मध्ये अमेरिकेचा तरुण पॉल मॉर्फी त्याच्याशी खेळायला इंग्लंडला आला. स्टाँटन तेव्हा शेक्सपिअरच्या नाटकांच्या संपादनात गुंतला होता. सामना झालाच नाही, आणि त्याने तो टाळला हा ठपका त्याच्यावर कायमचा बसला.

२२ जून १८७४ रोजी लिहिता लिहिता, टेबलापाशीच त्याचं निधन झालं. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्याच्या कबरीवर नावाचा दगड बसायला १९९७ साल उजाडावं लागलं.

पण नाव विसरलं गेलं नाही. जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, आजही स्पर्धांसाठी स्टाँटन पद्धतीच्याच मोहऱ्यांची शिफारस करतो. बहरामपूर-कँटनचे देखणे संच खेळाच्या टेबलावरून संग्राहकांच्या कपाटात गेले. आणि ज्या साध्या मोहऱ्यांनी त्यांना बाजूला सारलं, त्या जॅक्सच्या सुरुवातीच्या संचांसाठीही आता संग्राहक तितकीच धडपड करतात!