हॅस्केल करी: भाषेला ज्यांचं नाव, ते गृहस्थ

परवा हॅस्केलमध्ये एक ॲरे छापायला गेलो. त्यात 'आई' हा शब्द होता आणि पडद्यावर उमटलं काय, तर २३१०, २३१२! वैतागून म्हटलं, ज्यांच्या नावाची ही भाषा ते होते तरी कोण?

हॅस्केल ब्रूक्स करी १९०० साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मले. गंमत बघा, त्यांचे आईवडील वक्तृत्वाची शाळा चालवायचे. मनातलं दुसऱ्याला कळेल असं कसं मांडायचं, हेच तिथे शिकवत. मुलगा हार्वर्डला गेला वैद्यकीकडे जायचं म्हणून, आणि पदवी घेतली गणिताची. मग विद्युत अभियांत्रिकी, मग भौतिकशास्त्र, शेवटी तर्कशास्त्र. आपल्याकडे घरच्यांनी याला सरळ धरसोड म्हटलं असतं.

१९२७ मध्ये प्रिन्स्टनला शिकवत असताना मोझेस शॉनफिंकेल यांचा १९२४ चा लेख त्यांच्या हाती पडला. आपण ज्याच्या मागे आहोत ते कुणीतरी आधीच मांडलंय! दुसऱ्या एखाद्याने तिथेच विषय सोडला असता. करी मात्र जर्मनीत ग्योटिंगेनला गेले, डेव्हिड हिल्बर्ट यांच्याकडे डॉक्टरेट केली आणि तेच काम आयुष्यभर पुढे नेलं. अनेक इनपुट घेणारं फंक्शन एकेक इनपुट घेणाऱ्या फंक्शनांच्या साखळीत बदलणं, याला आज 'करिंग' म्हणतात. कल्पनेचा मान शॉनफिंकेल यांचाही, आणि करींनी तो त्यांना दिला होता. नोकरी बहुतेक पेन्सिल्व्हेनियात झाली. १९४६ मध्ये एनियाक या अवाढव्य यंत्रावरच्या प्रोग्रॅमिंगवरही त्यांनी लिहिलं.

१९८२ मध्ये ते गेले. पुढे काही वर्षांनी नव्या भाषेला त्यांचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा समितीतली माणसं त्यांच्या पत्नी व्हर्जिनिया यांची परवानगी घ्यायला गेली. निघताना त्यांनी सांगितलं, की यांना स्वतःला हॅस्केल हे नाव कधी आवडलंच नव्हतं!

आता माझ्या 'आई'कडे वळू. 'प्रिंट' आतून 'शो' वापरतं. 'शो'चा मजकूर पुन्हा कोड म्हणून वाचता यावा अशी सोय असते, म्हणून ते ॲरेच्या सीमा आणि मग प्रत्येक इंडेक्स-किंमत जोडी लिहितं, आणि देवनागरी अक्षरांचे आकडे करतं. (फंक्शन तर ते छापतच नाही, थेट एरर. करींचं आयुष्य गेलं त्याच फंक्शनांत!) माणसाला वाचायचं असेल तर 'एलेम्स'ने ॲरेची लिस्ट करा, 'अनवर्ड्स'ने शब्द जोडा आणि 'पुटस्ट्रएलएन'ने छापा. आकडे असतील तर आधी प्रत्येकावर 'शो' चालवा. मी तसं केलं आणि 'आई' नीट दिसली.