अकरा नंबरचा खेळाडू : चोई दोंग-वोन



आपल्या मुलांना क्रिकेटपटूंची नावे तोंडपाठ असतात. या अंकात आम्ही मुद्दाम दुसऱ्या देशातील आणि दुसऱ्या खेळातील एका खेळाडूचा परिचय करून देत आहोत. देश दक्षिण कोरिया, खेळ बेसबॉल आणि खेळाडू चोई दोंग-वोन.

चोई यांचा जन्म २४ मे १९५८ रोजी बुसान या बंदराच्या शहरात झाला. कोरियन युद्धात वडिलांनी एक पाय गमावला होता, तरी मुलाच्या खेळामागे ते खंबीरपणे उभे राहिले. डोळ्यांवर चष्मा असलेला हा मुलगा शाळेत असतानाच उत्तम पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, म्हणून नावाजला गेला. योन्सेई विद्यापीठात शिकून ते राष्ट्रीय संघात पोहोचले. १९८१ मध्ये टोरांटोच्या ब्लू जेज संघाशी त्यांचा करारही झाला, पण तेथे जाण्याचा योग आला नाही. १९८३ मध्ये ते आपल्याच गावच्या लोटे जायंट्स संघात दाखल झाले.

१९८४ चा मोसम त्यांनी गाजवला. त्यांच्या नावावर २७ विजय जमा झाले आणि त्यांनी २२३ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. हा विक्रम कोरियात २०२१ पर्यंत टिकला. त्याच वर्षी अंतिम मालिकेत बलाढ्य सॅमसंग लायन्स संघाशी गाठ पडली. पूर्ण सामना चेंडू फेकल्यावर पिचरला काही दिवस विश्रांती देण्याची पद्धत असते. चोई मात्र दहा दिवसांत सातपैकी पाच सामन्यांत मैदानात उतरले. चार जिंकले, एक हरले. सातव्या सामन्यात आठव्या डावापर्यंत संघ मागे होता. तेव्हा यू दू-योल यांनी होमरन मारून तीन धावा मिळवल्या आणि शेवटपर्यंत किल्ला लढवून चोई यांनी विजेतेपद बुसानला आणले. पुढे १६ मे १९८७ रोजी सन दोंग-योल या दुसऱ्या थोर पिचरशी त्यांचा सामना पंधरा डाव चालला आणि २–२ असा बरोबरीत सुटला. त्या दिवशी चोई यांनी २०९ चेंडू फेकले.

इथपर्यंतची गोष्ट पराक्रमाची झाली. आम्हांला खरी महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट.

चोई यांना पैसा आणि कीर्ती यांची कमतरता नव्हती. परंतु संघातील लहान खेळाडूंचे मानधन तुटपुंजे होते आणि दुखापत झाली, अपघात झाला, तर त्यांच्या घरच्यांना आधार नव्हता. १९८८ मध्ये चोई यांनी पुढाकार घेऊन खेळाडूंची संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. संघमालकांनी कडाडून विरोध केला आणि प्रयत्न फसला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना बुसानमधून काढून सॅमसंग संघात पाठवण्यात आले. ही शिक्षाच होती, असे कोरियातील अनेक क्रीडारसिक मानतात. तेथे त्यांचे मन रमले नाही आणि खांद्यातही पूर्वीचे बळ राहिले नव्हते. १९९० च्या मोसमानंतर त्यांनी खेळ सोडला. एकूण विजय १०३.

खेळाडूंची संघटना अखेर २००० मध्ये स्थापन झाली. तिचा लाभ पुढच्या पिढीला मिळाला, चोई यांना नाही. पुढे त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले. १४ सप्टेंबर २०११ रोजी कर्करोगाने, वयाच्या अवघ्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात लोटे संघाने त्यांचा ११ क्रमांक कायमचा राखून ठेवला. २०१३ मध्ये बुसानच्या साजिक मैदानाबाहेर त्यांचा पुतळा उभा राहिला.

विद्यार्थी मित्रांनो, वर्गात पहिला येणारा मुलगा मागच्या बाकावरच्या मुलासाठी उभा राहतो, तेव्हा त्याचे स्वतःचे नुकसान होऊ शकते. चोई यांचेही झाले. तरीही ते उभे राहिले, म्हणूनच आम्ही त्यांचे नाव येथे आदराने घेत आहोत.