भाकरी मागायला गेलेली मुलगी आणि केडगावचं मुक्ती मिशन

दौंड : ५ एप्रिल ही पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. नाव आपण सगळ्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलंय. पण दुष्काळात या बाईंनी आपल्या केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं कशी जगवली, हे तालुक्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. केडगाव म्हणजे पुणे-दौंड रेल्वेवरचं, नगरजवळचं नव्हे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून त्या काळी बोलणी खाल्लेले. पुढे पैसा संपला आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागलं. त्यात दुष्काळ पडला. अंगमेहनतीची सवय नाही, भीक मागायची लाज. रानातली बोरं बियांसकट गिळायची, नाहीतर मूठभर धान्य भिजवून खायचं. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच दिवसांत आईनं अंथरूण धरलं. सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारात गेली, पण मागायला तोंड उघडेना. डोळ्यांतलं पाणी बघून त्या बाईनंच विचारलं आणि बाजरीची भाकरी हातावर ठेवली. पोरगी पळत घरी आली. पण आईला खायची ताकद राहिली नव्हती. तिला उचलायलाही माणसं मिळेनात, तेव्हा मुलीनं स्वतः खांदा दिला. उंची पुरेना म्हणून भार डोक्यावर घेतला.

हे मुद्दाम सविस्तर सांगितलं, कारण केडगावचं सगळं काम मला तरी या भाकरीपासूनच सुरू झालेलं वाटतं.

नंतर कलकत्त्यात पंडिता आणि सरस्वती या पदव्या, लग्न, दोनच वर्षांत वैधव्य, पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा, मग अमेरिका. १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते पुढच्या वर्षी पुण्याला आणलं. धर्म बदलला तरी बाईंनी मांसाहार कधी केला नाही. सदनातल्या ब्राह्मण विधवांना त्यांच्या रीतीनं वेगळा स्वयंपाक करायची मोकळीक होती. तरीही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून १८९३ मध्ये मोठा वाद झाला आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

अमेरिकेची मदत दहा वर्षांपुरती ठरलेली. म्हणून बाईंनी आधीच केडगावला शंभर एकराच्या आसपास जमीन घेतली होती, फळबाग लावायची आणि त्यावर संस्था चालवायची. हिशेब शेतकऱ्याचा होता.

१८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रं, अनाथ बायकांचे हाल बघितले आणि मुलींना बरोबर घेऊन आल्या. ठरवलं होतं तीनशे मुलींचं. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या मुली शहरात ठेवता येईनात. मग बागेसाठी घेतलेल्या रानातच त्यांना उतरवलं. तेच मुक्ती. १९०० च्या दुष्काळात गुजरातच्या मुली आल्या आणि आकडा १९०० वर गेला.

घरी लग्नाचं जेवण काढताना आपली दमछाक होते. इथं रोजच्या १९०० माणसांच्या जेवणाची सोय करायची होती, वर शंभरावर जनावरं आणि इमारतींची बांधकामं. विहिरी दोन. संध्याकाळी दोन्हींचा तळ दिसायचा, सकाळी पुन्हा पाणी भरलेलं असायचं. रमाबाईंनी त्यात देवाचा हात बघितला. आम्ही शेतकरी म्हणू, रात्रभर उपसा थांबला की झरे विहीर भरतात. पण दुष्काळाच्या साली झरे टिकतील याची खात्री कोण देणार? तरी त्यांनी दारात आलेल्यांना परत धाडलं नाही.

फुकट बसवून खायला घालायचं, असंही नव्हतं. स्वयंपाक, शेती, गाईगुरं, विणकाम, छापखाना, सगळं मुलीच शिकल्या आणि मुलींनीच चालवलं.

भुकेल्या पोरींना ख्रिस्ती केलं, असा आरोप त्यांच्यावर तेव्हाही झाला, आजही होतो. मुक्तीत येशूची शिकवण उघडपणे दिली जायची, हे खरं आहे. रस्त्यावर मरायला टेकलेल्या त्या पोरींना घरात घ्यायला तेव्हा दुसरे किती जण पुढे आले, हेही त्याच जोडीला विचारलं पाहिजे.

शेवटची वर्षं बाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली. १९२१ ला मनोरमा गेली. पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई केडगावातच वारल्या. मुक्ती मिशन अजून तिथंच चालू आहे.