मुलांच्या दारी गेलेली शाळा



ताराबाई मोडक (१८९२-१९७३) लग्नानंतर आपल्या शेजारच्या अमरावतीत राहिल्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी माँटेसरी पद्धतीचे काम केले. १९४५ साली त्यांनी बोर्डीत बालशिक्षण केंद्र काढले. महागड्या साधनांऐवजी पाने, बिया, खडे वापरले. गरिबांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. नंतर कोसबाडला अनुताई वाघांसह गुराखी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. गुरे चरत, मुले शिकत.

शुभवर्तमानातील मेंढपाळही हरवलेल्या मेंढराची वाट पाहत बसत नाही, शोधायला निघतो. कापूस वेचणीच्या दिवसांत धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले दिसली नाहीत, तर त्यांना बोल न लावता आपणच त्यांच्या वस्तीवर जाऊ या.