मनमाडचे बाबासाहेब

मी कॉन्व्हेंटची. मराठीत लिहिताना अजूनही ऱ्हस्व-दीर्घाची भीती वाटते, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या. पण यंदा लिहायचंच ठरवलं, कारण सुट्टीतली एक गोष्ट डोक्यातून जात नाही.

उन्हाळ्यात मी सातपूरच्या एका कारखान्यात ट्रेनिंगला होते. पॅकिंगच्या टेबलावर बायका आणि पुरुष शेजारी उभे राहून एकच काम करायचे. पगाराच्या दिवशी कळलं की बायकांचा रोज कमी आहे. मी सुपरवायझरना विचारलं, तर ते हसून म्हणाले की बायकांचा पगार म्हणजे घराला नुसती जोड. त्यांच्याबरोबर मीही हसले. तेच आता टोचतं.

नंतर लायब्ररीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र हाती आलं. शाळेत आम्हाला फक्त घटनेचे शिल्पकार शिकवले होते. नाशिकची म्हणून काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह आणि येवल्याची १९३५ ची घोषणा माहीत होती. पण मनमाड? ते माझ्यासाठी फक्त गाडी बदलायचं स्टेशन!

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे त्यांचा जन्म झाला. बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून आणि लंडनमध्ये शिकून १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर आले, तर ऑफिसातले शिपाई फायली लांबूनच टेबलावर फेकायचे. राहायला जागा मिळेना. ज्या पारशी वसतिगृहात उतरले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. आपल्याला रूम बदलून मिळाली नाही तर आपण केवढा आरडाओरडा करतो! पुढे १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेही स्टाफच्या माठातलं पाणी त्यांनी घेण्याला काही सहकाऱ्यांची हरकत होती. म्हणजे डिग्री मिळाली की सगळं सुटतं, हे खरं नाही.

पण त्यांनी फक्त स्वतःपुरतं पाहिलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकामाच्या साचाखात्यात पगार जास्त होता, आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना सुताचं टोक तोंडाने ओढावं लागे. विटाळाच्या नावाखाली चांगल्या पगाराचं दार बंद! १९२८ च्या मोठ्या संपात त्यांनी हा प्रश्न मांडला आणि कामगार पुढाऱ्यांनाही सोडलं नाही.

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. आणि १२ व १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. त्यांनी दाखवून दिलं की रेल्वेतला अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमनच राहतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात. वर्कशॉपमध्ये तो खलाशाच्या वर जात नाही. कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असं त्यांनी तिथे स्पष्ट मांडलं.

१९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. युद्धाच्या काळात सरकारने स्त्रियांना जमिनीखालच्या कोळसा खाणींत काम करायची बंदी उठवली, तेव्हा टीका झाली. त्यांनी सरकारची बाजू घेतली, हे मला पटलं नाही. पण त्या कामाला पुरुषाइतकीच मजुरी द्यायची, यावर त्यांनी भर दिला होता. पुढे घटनेच्या ३९ व्या कलमात स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व आलं. त्याचा कायदा व्हायला १९७६ साल उजाडलं. बाबासाहेब तर ६ डिसेंबर १९५६ लाच गेले होते.

माझ्या ट्रेनिंग रिपोर्टमध्ये निरीक्षणे असा एक कॉलम होता. मी त्यात मशीनचा स्पीड लिहिला, कन्व्हेअरची लांबी लिहिली, वाया जाणाऱ्या मालाचा हिशोबही लिहिला. पूर्ण मार्क मिळाले. त्या टेबलावरचे दोन वेगळे पगार मात्र लिहिले नाहीत.

ते निरीक्षण आज इथे नोंदवते आहे.